आडवाटेने आलेला इतिहास : मंडणगड तालुक्याच्या निमित्ताने

इतिहासातील घटना समाजाला घडवितात, हे विधान इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे केले जाते की, ही घडण कोणत्या मार्गाने, किती काळाने आणि कोणाच्या हातून होते, असे विचारण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. लढाई झाली, तह झाला, कायदा झाला, संप झाला आणि त्यापाठोपाठ राजकारण, संस्कृती व समाज ही तिन्ही बदलली, असा एक सोयीस्कर क्रम पाठ्यपुस्तकांनी आपल्या मनात रुजविला आहे. पुण्या-मुंबईच्या बाबतीत तो कदाचित खपूनही जाईल; परंतु ज्या मुलखात स्वतः फारसे काही घडले नाही आणि तरीही जो मुलूख दोन-अडीचशे वर्षांत मुळापासून पालटला, त्याला हा क्रम लावू गेले म्हणजे त्याचा अपुरेपणा तत्काळ ध्यानात येतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सावित्रीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर पसरलेला मंडणगड तालुका हा असा मुलूख आहे. एके काळी दापोली तालुक्याचा केवळ एक पेटा म्हणून दप्तरी नोंदला गेलेला हा डोंगराळ भाग. येथे निर्णायक म्हणावी अशी लढाई झाली नाही, कोणा राजाची गादी स्थापन झाली नाही, आणि कोकण रेल्वे झाली तीही याला वगळून खेडवरून गेली. येथे घटना आल्या त्या आडवाटेने, म्हणजे पलटणीतून, गिरणीतून आणि गलबतातून परतणाऱ्या माणसांच्या पाठीवरून. आणि ज्यांची नोंद बखरीत झाली त्यांच्यापेक्षा ज्यांची नोंद जमाबंदीच्या, भरतीच्या आणि हजेरीच्या कागदांत झाली, त्या घटना येथे अधिक खोल गेल्या, असे माझे मत आहे.

बखरीतील घटनांचा निकाल प्रथम लावून टाकू. मंडणगडचा किल्ला तालुक्याच्या ठाण्याच्या माथ्यावर उभा आहे. ग्रीक प्रवासवर्णनातील मंडगोरा बंदर ते हेच की काय, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. ती त्यांना लखलाभ असो. 1661 साली शिवाजीमहाराजांनी कोकणात स्वारी केली, तेव्हा जवळच्या पालवणीचा जसवंतराव दळवी आपला मुलूख सोडून शृंगारपूरच्या सुर्व्यांच्या आश्रयास गेला आणि हा टापू स्वराज्यात आला. 1818 साली पेशवाई बुडताच कंपनीच्या फौजेने थोड्याशा प्रतिकारानंतर हा किल्ला हस्तगत केला. धनी बदलले, परंतु डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्या कुळाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ बहुधा एवढाच होता की, वसूल नेणाऱ्याच्या मागे उभा असलेला शिपाई निराळ्या पोशाखात दिसू लागला.

वेळासची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. बाणकोटजवळचे हे समुद्रकाठचे गाव म्हणजे भानू घराण्याचे, अर्थात नाना फडणविसांच्या पूर्वजांचे गाव. खाडीपलीकडे श्रीवर्धनास भटांकडे देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचास कंटाळून बाळाजी विश्वनाथ भट घाटावर गेला, त्याच्याबरोबर भानू बंधूही गेले. 1713 साली भटास पेशवेपद मिळाले आणि भानूंकडे फडणिशी आली. एका किनाऱ्यावरील स्थानिक सत्ताधीशाच्या उपद्रवामुळे दोन घराणी आपली वतने सोडतात आणि त्यांतून पुढे शतकभर मराठी राज्याचा कारभार घडतो, ही कार्यकारणपरंपरा आपण कौतुकाने सांगतो. पण तिचा दुसरा अर्ध आपण सांगत नाही. वेळासला या वैभवाचे काय मिळाले? नाना साताऱ्यास जन्मला, पुण्यास नांदला, मेणवलीस त्याने वाडा बांधला. पूर्वजांच्या गावी त्याचे स्मारक झाले ते फार उशिरा. कर्तृत्ववान माणूस बाहेर जातो आणि त्याच्या कर्तृत्वाचे फळ बाहेरच राहते, हा जो कोकणचा पुढे नित्यक्रम झाला, त्याचा हा आरंभीचा आणि सर्वांत ठळक दाखला आहे.

याच्या अगदी उलट प्रकार बाणकोटचा. 1755 साली कमोडोर जेम्सने आंग्र्यांच्या ताब्यातील सुवर्णदुर्ग घेतला, त्याच मोहिमेत बाणकोट त्याच्या स्वाधीन झाले. आणि पुढील वर्षी विजयदुर्गाच्या बदल्यात पेशव्यांनी बाणकोट व भोवतालची काही गावे तहान्वये इंग्रजांस कायमची दिली. बाणकोटच्या हिंमतगडाचा फोर्ट व्हिक्टोरिया झाला. इंग्रजांना पाहिजे होता तो जहाजांना सुरक्षित आसरा, त्यांच्या शिध्यासाठी गुरे आणि सावित्रीतून वर महाडापर्यंत जाणारा जलमार्ग; पेशव्यांच्या दरबारात हा सौदा किरकोळ समजला गेला असल्यास नवल नाही. प्लासीची लढाई व्हावयास अद्याप एक वर्ष होते! तथापि पश्चिम किनाऱ्याच्या मुख्य भूमीवर कंपनीचे जे पाऊल असे पडले, त्याच्यामुळे बाणकोटच्या आसपासच्या मुलखातून मुंबई लष्कराची भरती सुरू झाली. या भरतीत ज्यांना गावात देवळाच्या पायरीवर उभे राहण्याची मुभा नव्हती, त्या महार समाजातील तरुण मोठ्या संख्येने गेले. पुढे दापोलीस कंपनीची छावणी झाली. तेथे 1857 पर्यंत वयस्क शिपायांची एक पलटण होती आणि छावणी उठल्यावरही पेन्शनर शिपायांची वस्ती टिकली. गावगाड्यात ज्याला वर्षाकाठी बलुत्याचे चार शेर धान्य हक्काने मिळविणे कठीण, त्या माणसाच्या हातात दरमहा सरकारी रोकड पडू लागली, आणि त्याहून महत्त्वाचे असे की, पलटणीच्या शाळेत त्याला व त्याच्या मुलांना अक्षरओळख झाली.

तालुक्यातील आंबडवे गावचे मालोजी सकपाळ या लष्करात शिपाई होते. त्यांचे पुत्र रामजी सुभेदार झाले आणि पलटणीच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते काही काळ दापोलीस राहिले व पुढे साताऱ्यास गेले. महाडजवळच्या रावदूळचे गोपाळबाबा वलंगकर हेही पलटणीतून निवृत्त होऊन 1886 पासून दापोलीस राहत. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले; अनार्य दोष परिहारक मंडळीही त्यांनीच स्थापन केली. 1892 च्या सुमारास लष्करी जातींविषयीच्या नव्या सिद्धांताचे निमित्त करून सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा याच मंडळीने सेनापतीकडे अर्ज पाठविण्याचा उद्योग आरंभिला. कोकणातील दलितांच्या संघटित राजकारणाचा हा जवळजवळ पहिला कागद होय. आणि तो लिहिला गेला तो कोणत्या अत्याचाराच्या निषेधार्थ नव्हे, तर हातची नोकरी गेली म्हणून, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जे दार कधीच उघडले नव्हते, त्याच्यासमोर माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने उभी राहतात. जे एकदा उघडून मग बंद केले गेले, त्याच्यावर मात्र ती धडका देऊ लागतात. हे दार पुढे 1917 साली महायुद्धाच्या गरजेपोटी किलकिले झाले, 1921 साली पुन्हा लागले आणि 1941 साली महार रेजिमेंटच्या स्थापनेने कायमचे उघडले.

रामजींचे पुत्र भीमराव, म्हणजेच डॉ. आंबेडकर, यांचा जन्म 1891 साली महूच्या छावणीत झाला. 1927 च्या मार्चमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेव्हा तेथे जमलेल्या कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील लोकांत पेन्शनर शिपायांचा भरणा लक्षणीय होता, आणि हे महाड बाणकोटातून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते ज्या सावित्रीने वर जात, तिच्याच काठावर आहे. सीताराम केशव बोले यांचा 1923 चा मुंबई कायदेमंडळातील ठराव, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने घेतलेला निर्णय, सुरेंद्रनाथ टिपणिसांसारख्या सवर्ण कार्यकर्त्यांचे साहाय्य, ही सत्याग्रहाची निकटची कारणे सर्वपरिचित आहेत. त्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु तळ्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसांच्या अंगी जी शिस्त आणि जे धैर्य दिसले, त्याचा उगम शोधीत मागे गेले तर आपण बाणकोटच्या तहाशी येऊन पोहोचतो. ज्यांनी तो तह केला, त्या दोन्ही पक्षांच्या स्वप्नातही हा परिणाम नव्हता. घटनेच्या कर्त्याचा हेतू आणि घटनेचे फळ यांत किती अंतर असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. इंग्रजी राज्याचे गुणगान करणाऱ्यांनी यावरून हुरळून जाऊ नये. ज्या सरकारने दार उघडले त्यानेच ते बंदही केले होते.

आता खोतीकडे वळू. कारण मंडणगडच्या समाजरचनेची खरी किल्ली तेथे आहे. देशावरचा गावगाडा पाटील-कुलकर्ण्यांचा. उत्तर रत्नागिरीत मात्र गावाचा धनी खोत. सरकारला ठरलेला सारा भरावा आणि कुळाकडून भाताचा अर्धा व वरकस पिकाचा तिसरा हिस्सा वसूल करावा, शिवाय आठ दिवसांतून एक दिवस वेठ घ्यावी, अशी याची स्थूल वहिवाट. गावोगावी तपशील निराळा, पण कुळाची अगतिकता सर्वत्र सारखीच. इंग्रजांनी या पद्धतीची चौकशी वारंवार केली; विंगेटचा 1851 चा अहवाल, फ्रान्सिसची मोजणी, त्यावर उठलेले वादळ आणि शेवटी 1880 चा खोती कायदा, ज्याने 1845-46 पासून अखंड कसणाऱ्या कुळास काही संरक्षण दिले. या वादात मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखा विद्वान खोतांच्या बाजूने उभा राहिला, आणि पुढे चिखलगावचे वंशपरंपरागत खोत असलेल्या टिळकांच्या लेखणीनेही खोतांचाच कैवार घेतला. लोकमान्यांच्या असंतोषाचे जनकत्व मान्य करूनही हे नमूद केलेच पाहिजे की, कोकणातील कुणब्याचा असंतोष त्यांच्या कक्षेत मावला नाही. कुणबी समाजाने काँग्रेसच्या राजकारणाकडे दीर्घकाळ ज्या अलिप्ततेने पाहिले, तिचे एक मूळ येथे असावे.

या असंतोषास वाचा फोडण्याचे काम झाले निराळ्या हातांनी. आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1938 च्या जानेवारीत कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, आणि त्या मोर्च्यात कुणबी व महार एकत्र चालले. कुलाब्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांचा संप तेव्हा चालूच होता. विधेयक मंजूर झाले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने. पाठोपाठ कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणाऱ्यास मालक ठरविले. जातीच्या भिंती ओलांडून आर्थिक प्रश्नावर झालेली ही एकी विलक्षण खरी, पण तिचे आयुष्य अल्प ठरले. जमीन मिळाल्यावर कुणब्यास मित्राची गरज उरली नाही, आणि ज्याच्या नावे कुळाची नोंदच नव्हती त्या भूमिहीनास कायद्याने फारसे काही दिले नाही. खोतांच्या पडझडीबद्दल मात्र केवळ कायद्यास जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. हिस्सेवाटणी, कोर्टकज्जे आणि कर्ज यांनी बहुतेक खोती घराणी त्यापूर्वीच खिळखिळी केली होती. मंडणगडला लागून असलेल्या पालगडचे साने घराणे खोतांचेच. साने गुरुजींच्या बालपणीचे जे दारिद्र्य ‘श्यामची आई’मुळे घरोघरी माहीत झाले, ते खोती शाबूत असतानाचे आहे. श्री. ना. पेंडशांची 1987 साली प्रसिद्ध झालेली ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी याच ऱ्हासाची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी होय. जमाबंदीच्या कागदाने एका सबंध प्रदेशाचे साहित्य घडविले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

ज्या 1880 साली खोती कायदा झाला, त्याच साली हिंदुस्थानात टपालखात्याने मनिऑर्डरीचे काम हाती घेतले. या दोहोंपैकी उत्तर कोकणावर अधिक परिणाम कशाचा झाला, असे कोणी विचारल्यास मी मनिऑर्डरीकडे बोट दाखवीन. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरविण्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. बाणकोट, दाभोळ, हर्णैहून आगबोटी भरभरून जात. खोताच्या कर्जातून सुटण्यासाठी कुळाचा मुलगा गिरणीत गेला, आणि गिरणीच्या पगाराने खोताचे देणे भागू लागल्यामुळे खोती आणखी काही दशके तगली, असा हा दुहेरी व्यवहार. गावात मागे राहिल्या स्त्रिया. लावणी, कापणी, गुरेढोरे आणि सासू-सासरे यांचा भार वाहणाऱ्या या स्त्रियांचा इतिहास कोणी सलग लिहिलेला नाही. खानेसुमारी तेवढी त्यांची साक्ष देते. 2011 साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, आणि 2001 च्या तुलनेत जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटून सोळा लाखांच्या आसपास आली होती.

चाकरमान्याने गावाला पैसा पाठविला, त्याचबरोबर सत्ताही मुंबईस नेली. गावकीचे महत्त्वाचे निर्णय, म्हणजे देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पाण्याची योजना, इतकेच काय पण निवडणुकीत मत कोणास द्यावयाचे, हे परळ-लालबागच्या खोल्यांत भरणाऱ्या मुंबई मंडळाच्या बैठकीत ठरू लागले. 1920 साली स्थापन झालेला कुणबी समाजोन्नती संघ मुंबईचाच. 1966 साली शिवसेना निघाली, ती प्रथम गिरणगावातील शाखेत रुजली आणि गणपती-शिमग्याच्या सुटीत चाकरमान्यांबरोबर कोकणात उतरली. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि हा संप कधीच रीतसर मिटला नाही. त्याची झळ मंडणगडच्या वाड्यावस्त्यांवर पोहोचली ती मनिऑर्डर थांबल्याने. बाप गावी परतला, मुलगा मिळेल त्या रोजगारावर मुंबईत राहिला. संघटित कामगाराच्या लाल बावट्याची जागा त्या मुलाच्या मनात भगव्याने घेतली. 1990 पासून 2014 पर्यंत दापोली-मंडणगडचा विधानसभा मतदारसंघ अखंडपणे शिवसेनेकडे राहिला, याचे स्पष्टीकरण तालुक्यात शोधण्यापेक्षा गिरणगावाच्या अवशेषांत शोधणे अधिक फलदायी ठरेल. 2022 साली तो पक्ष दुभंगला तेव्हा फूट मुंबईहूनच आली आणि तिच्याबरोबर एकेका वाडीत दोन-दोन फलक लागले.

खाडीकाठच्या बाणकोट, म्हाप्रळसारख्या गावांतील कोकणी मुसलमानांची वाट निराळी. दर्यावर्दी व्यापार मोडल्यावर हे लोक आगबोटीवर खलाशी झाले, काही दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनपर्यंत पोहोचले, आणि 1973 नंतर तेलाच्या किमती भडकल्या तेव्हा आखातात गेले. मुंबईच्या संपाने ज्या दशकात एक वाडी खचली, त्याच दशकात शेजारच्या मोहल्ल्यात दिनार-रियालांची सिमेंटची घरे उठली. या विषमतेचा राजकीय उपयोग करून घेणारे पुढे निघाले, परंतु मूळ कारण धर्मात नव्हते, दोन निराळ्या बाजारपेठांच्या निराळ्या दैवगतीत होते. म्हाप्रळसमोर, सावित्रीच्या पैलतीरावरील आंबेत हे बॅरिस्टर अंतुले यांचे गाव. 1980 ते 82 या त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या अल्प कारकिर्दीत कुलाब्याचे रायगड झाले आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला. 2008 च्या पुनर्रचनेनंतर मंडणगडचा मतदार लोकसभेसाठी रायगडात मोजला जातो. जिल्हा एक, खासदार दुसऱ्या जिल्ह्याचा, अशी ही सध्याची स्थिती.

संस्कृतीच्या क्षेत्रातील सर्वांत मोठी घटना निःसंशय 14 ऑक्टोबर 1956 ची. नागपुरास झालेल्या धर्मांतराचे पडसाद या तालुक्यात उमटले ते शिमग्यात. ग्रामदेवतेच्या पालखीच्या विधीत जी कामे महारांकडे वतनाने आणि सक्तीने होती, ती बौद्ध झालेल्या वस्त्यांनी टाकून दिली. 1958 च्या कायद्याने वतनेही गेली. गावाचा एक घटक उत्सवातून बाहेर पडल्याने सवर्णांना प्रथम संताप आला, मग अडचण आली, मग पर्यायी व्यवस्था झाली. नमन, खेळे आणि जाखडी या कुणबी समाजाच्या कला त्यानंतरही टिकल्या. त्यांचा विस्तार तर मुंबईच्या नाट्यगृहांपर्यंत झाला. बौद्ध वस्त्यांत जयंती आणि भीमगीते यांचे स्वतंत्र सांस्कृतिक पंचांग तयार झाले. एकाच गावात दोन दिनदर्शिका चालतात आणि त्यांत मोठासा संघर्ष होत नाही, ही कोकणची जमेची बाजू म्हणावी लागेल. मात्र संघर्ष नाही म्हणजे संवाद आहे, असे समजण्याची घाई कोणी करू नये. आंबडव्यास आता थोरामोठ्यांची ये-जा असते. 12 फेब्रुवारी 2022 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद तेथे येऊन गेले, आणि 2025 च्या ऑक्टोबरात मंडणगडच्या नव्या न्यायालय इमारतीचे उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. स्मारके होतात ते योग्यच आहे. पण आंबडव्यातील तरुणास रोजगारासाठी अजूनही पणजोबाप्रमाणे गाव सोडावे लागते, हे स्मारकाच्या फलकावर लिहिलेले नसते.

अलीकडील घटनांत दोन विशेष उल्लेखनीय होत. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली सुरू केले, त्यातून कासव महोत्सव निघाला आणि पाहुण्यांना घरी ठेवून जेवूखाऊ घालण्याचा एक प्रामाणिक व्यवसाय गावास मिळाला. ज्या गावाने फडणीस गमावला त्याने कासव कमावले, असे विनोदाने म्हणता येईल. परंतु या गावाच्या इतिहासात बाहेरचा माणूस पैसा घेऊन आत येण्याचा हा प्रसंग दुर्मिळच होता. दुसरी घटना 2020 ची. टाळेबंदीत रोजगार बुडालेले चाकरमानी गावी परतले, शाळांत त्यांना विलग ठेवण्यात आले, ज्यांच्या पैशावर देऊळ उभे राहिले त्यांनाच वेशीवर अडविण्याची भाषा कानी पडली. आणि तोच 3 जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या पोफळी-माडांच्या बागा जमीनदोस्त केल्या. सुपारीचे झाड पुन्हा फळावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. 1990 च्या फळबाग योजनेतून लावलेल्या आंबा-काजूच्या कलमांनी जो थोडा स्थिर पैसा गावात आणला होता, त्यालाही या वादळाने हात घातला.

या सर्वांचा शेवट पुन्हा जमिनीपाशी येतो. खोताच्या तावडीतून जी जमीन सोडविण्यासाठी आजे-पणजे मोर्च्याने गेले, तिच्या सातबाऱ्यावर आज एकेका गटात चाळीस-पन्नास सामाईक नावे आहेत. त्यांपैकी निम्मी माणसे विरार, नालासोपारा, दिव्याकडे, काही परदेशी, काही हयातही नाहीत. वरकस पडीक आहे, मळ्या ओस आहेत. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची आणि बाणकोट खाडीवरील पुलाची चर्चा जसजशी वाढत आहे, तसतसे दलाल वाडीवाडीतून फिरू लागले आहेत, वारसनोंदींचे अर्ज तलाठ्याकडे साचू लागले आहेत आणि मुंबई मंडळाच्या बैठकीत देवळाऐवजी गुंठ्याचा भाव निघू लागला आहे. कूळकायद्याखाली मिळालेली जमीन विकण्यास पूर्वी लागणारी परवानगीची अट राज्य सरकारने 2014 साली पुष्कळ सैल केली, या बदलाची दखल तालुक्याबाहेर फारशी कोणी घेतली नाही. वर्तमानपत्रांत तो आतल्या पानावरच आला. मंडणगडच्या पुढील पन्नास वर्षांच्या इतिहासाचा अभ्यास ज्यास करावयाचा असेल, त्याने स्मारकांच्या उद्घाटनाच्या बातम्या अवश्य वाचाव्यात, पण आरंभ दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील खरेदीखतांच्या अनुक्रमणिकेपासून करावा.